कापसाच्या शेतातली रात्र

(जालना येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी हयातभर मुलांना जीवशास्त्र शिकवले. संयोजकांनी मला विषय दिला होता कीटकांचे जीवनचक्र आणि मीलन, आणि उदाहरणादाखल सिकाडाचे नाव सुचवले होते. सिकाडावर मी थोडे बोलणार आहे. पण आपला जिल्हा कापसाचा. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कुठल्याही गावात जा, कपाशी लागणारच. इथे उभे राहून कीटकांच्या मीलनावर बोलायचे आणि गुलाबी बोंडअळीचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. म्हणून सिकाडापासून सुरुवात करतो आणि कपाशीत येतो.

सह्याद्रीच्या रानात मे-जूनमध्ये गेलेल्यांना सिकाडाचा आवाज माहीत आहे. सगळे झाडच ओरडते आहे असे वाटते. हा आवाज नराचा. त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना ताठ, शिरा असलेले दोन पडदे असतात. आतला स्नायू ते पडदे सेकंदाला शेकडो वेळा आत ओढतो आणि सोडतो. पोट बरेचसे पोकळ असते, त्यात तो आवाज घुमतो आणि मोठा होतो. मादी तो ऐकते आणि आपल्याच जातीच्या नराकडे जाते. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी गाणाऱ्या सिकाडांजवळ गावजत्रेतल्या उखळी तोफा उडवून पाहिल्या. गाणे थांबले नाही. हा कीटक बहिरा असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपल्याला कळते की सिकाडाला कान आहेत, पण नर गाताना आपल्या कानाचे पडदे सैल सोडतो, नाहीतर स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान दुखावतील. फाब्र चुकले, तरी प्रयोग करून चुकले, आणि मला ते आवडते.

मीलनानंतर मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यात अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की जमिनीवर पडतात, मातीत शिरतात आणि मुळांतला रस पीत वर्षे काढतात. अमेरिकेच्या पूर्व भागात काही जाती १३ वर्षे आणि काही १७ वर्षे जमिनीखाली राहतात आणि मग एकाच हंगामात लाखोंनी वर येतात. २०२४ साली १३ वर्षांचा एक आणि १७ वर्षांचा एक असे दोन मोठे समूह एकाच वर्षी बाहेर पडले. या दोघांची अशी गाठ त्याआधी १८०३ साली पडली होती. आपल्याकडे मेघालयाच्या री-भोई जिल्ह्यात एक सिकाडा दर चार वर्षांनी येतो. २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशी त्याची वर्षे, म्हणजे फुटबॉलच्या विश्वचषकाचीच. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते अगदी अलीकडे, २०१३ साली. तिथले लोक रात्री मशाली घेऊन ते गोळा करतात आणि खातात.

सगळे एकदम का येतात? पक्ष्यांनी, सरड्यांनी, माणसांनी कितीही खाल्ले तरी उरतील इतके ते असतात. शिवाय जो एकटा, चुकीच्या वर्षी वर आला, त्याला जोडीदार मिळत नाही आणि त्याचा वंश तिथेच संपतो. थोडक्यात, प्रौढ कीटकासमोर दोन प्रश्न असतात. बाहेर कधी यायचे, आणि अंधारात जोडीदार शोधायचा कसा. सिकाडाने पहिला प्रश्न कालगणनेने सोडवला आणि दुसरा आवाजाने. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाने हेच दोन प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवले आहेत. ती रीत आपल्याला नीट समजली असती, तर २०१७ साली या अळीमुळे मराठवाडा आणि विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याची धूळधाण झाली नसती, असे माझे ठाम मत आहे.

आधी या किड्याची ओळख करून घेऊ. बोंडअळी म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर अळी येते. पतंग फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो जेमतेम सेंटिमीटरभर लांब, करड्या-तपकिरी रंगाचा, पंखांच्या कडांना बारीक केसांची झालर असलेला. दिवसा तो जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्यात, ढेकळांखाली दडून बसतो. शेतातून दहा वेळा चाललात तरी दिसणार नाही. शास्त्राला त्याची ओळख भारतातूनच झाली. गुजरातेतल्या भरूच भागात कापसाची नासाडी करणाऱ्या अळ्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ साली साँडर्स यांनी त्याचे वर्णन छापले. पुढे सरकीबरोबर त्याने जग पाहिले. १९०६-०७च्या सुमारास भारतातून गेलेल्या सरकीतून तो इजिप्तमध्ये पोहोचला, इजिप्तच्या सरकीतून १९११ साली मेक्सिकोत, आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडला. या सगळ्या प्रवासात पतंग उडत गेलेला नाही. अळी सरकीच्या आत झोपून गेली. या झोपेकडे मी परत येणार आहे.

जूनमध्ये पेरणी झाली, जुलैच्या उत्तरार्धात कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, धरू लागल्या की मादी अंडी घालू लागते. अंडी एकेकटी किंवा छोट्या पुंजक्यांत, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. एक मादी साधारण शंभर-दोनशे अंडी घालते. सुरुवातीला ती पात्यांवर, फुलांवर घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच कळीत शिरते. ती आतून रेशमासारख्या धाग्याने पाकळ्या एकमेकींना शिवून टाकते, त्यामुळे फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. आपण तिला डोमकळी म्हणतो. ऑगस्टमध्ये शेतात पहाटे फिरताना सगळी फुले उमललेली असतात आणि मध्येच एखादी मिटलेली दिसते. ती तोडून हळूच उकलून पाहा. आत परागकण खाऊन सुस्तावलेली पांढरी अळी, डोके तपकिरी. या वेळी ती गुलाबी नसते. म्हणूनच पुष्कळ शेतकऱ्यांना ही गुलाबी बोंडअळीच आहे यावर विश्वास बसत नाही. गुलाबी रंग शेवटच्या, चौथ्या टप्प्यात येतो.

बोंडे धरली की खेळ बदलतो. आता मादी हिरव्या बोंडाच्या बुडाशी, पाकळ्यांच्या खालच्या हिरव्या आवरणाआड अंडी घालते. तिथे फवारा पोहोचत नाही. अंड्यातून निघालेली अळी तासा-दोन तासांत बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र इतके बारीक असते की बोंड वाढताना ते भरून येते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक, निरोगी. १५-२० दिवसांचे असे बोंड मधोमध फोडून पाहण्याची सवय प्रत्येक कापूस उत्पादकाला असावी, असे मला मनापासून वाटते. फोडल्यावर आधी कापूस किंवा सरकी पाहू नका. बोंडाच्या सालीची आतली बाजू पाहा. तिथे बारीक, वर आलेल्या गाठी दिसतात, कधी नागमोडी रेघ दिसते. अळी आत शिरली ती इथून. मग एका कप्प्यात ओला, पिवळट पडलेला कापूस, त्यात पोकळ झालेली सरकी, आणि त्या सरकीत वळकटी घालून बसलेली अळी. ती कापूस खात नाही, सरकी खाते. पण सरकीपर्यंत जाता-जाता धागे तोडते, आतून बुरशी लागते आणि तो कप्पा उमलत नाही. वेचणीला आलेली बाई हाताने ओढते तर कापूस निघत नाही. हीच कवडी. बाजारात तिला भाव नाही.

अळीचे खाणे १०-१४ दिवस चालते. मग ती सालीला अगदी गोल, स्वच्छ छिद्र पाडून बाहेर पडते, जमिनीवर पालापाचोळ्यात कोषात जाते, आणि आठवडा-दहा दिवसांनी पतंग निघतो. म्हणजे महिना-सव्वा महिन्याला एक पिढी. हंगामात चार ते सहा. ऑगस्टच्या डोमकळीत दिसलेली एक अळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय होते, हे हिशेबाने कळते. पण या सगळ्या पिढ्यांची कडी जुळते कुठे? पतंग बाहेर आल्यानंतरच्या दोन-तीन रात्रींत.

मध्यरात्रीनंतर, साधारण एक ते चारच्या दरम्यान, मादी झाडाच्या पानावर बसून पोटाचे टोक खाली वळवते आणि त्यातली एक नाजूक ग्रंथी बाहेर काढते. त्यातून वास सुटतो. आपल्याला तो येत नाही. वाऱ्याबरोबर तो पट्ट्यापट्ट्याने शेतात पसरतो. नराच्या मिशांवरचे बारीक केस त्या वासाचे कण पकडतात. वास मिळाला की नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो, वास सुटला की आडवा डावी-उजवीकडे जातो, पुन्हा मिळाला की पुढे. असा वळणावळणाने तो मादीपर्यंत पोहोचतो. सिकाडाच्या बाबतीत नर बोलावतो आणि मादी येते. इथे उलटे आहे. मादी बोलावते, तीही एक शब्द न काढता.

हा वास म्हणजे नेमके काय, हे कळायला माणसाला फार कष्ट पडले. आणि त्या कष्टाची सुरुवात झाली ती आपल्या जालन्याच्या ओळखीच्या एका किड्यापासून, रेशमाच्या पतंगापासून. जर्मनीतल्या अडोल्फ बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख मादी रेशीम पतंग वापरून त्यांच्या ग्रंथींतून हा रासायनिक संदेश शुद्ध करून काढला आणि १९५९ साली जाहीर केला. हाती आला तो काही मिलिग्रॅम. कीटकाच्या कामगंधाची रचना उलगडण्याची ती पहिली वेळ. जालन्याच्या बाजार समितीत २०१८पासून रेशीम कोषांची बाजारपेठ भरते. जिल्ह्यात तुतीची लागवड करणारे, कोष विकायला आणणारे शेतकरी मी पाहतो तेव्हा मला एक गोष्ट नेहमी आठवते. यांच्यातल्या फारच थोड्यांनी रेशमाचा पतंग जिवंत पाहिला असेल. अंडीपुंज बीजगृहातून येतात, अळ्या तुतीचा पाला खातात, कोष विणतात आणि कोष बाजारात जातो. पतंग बाहेर येण्याआधीच आतल्या कोषाला वाफ देतात, नाहीतर धागा तुटतो. मीलन सगळे बीजगृहात होते. रेशमाचा पतंग हजारो वर्षांच्या पाळीव जगण्यामुळे उडायचे विसरला आहे. पण वास ओळखायचे विसरलेला नाही. मादीने ग्रंथी बाहेर काढली की टेबलावरचा नर पंख फडफडवत तिच्याकडे सरकतो. विद्यार्थ्यांना बीजगृहात नेऊन हे दाखवावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

गुलाबी बोंडअळीचा कामगंध शोधताना शास्त्रज्ञ आधी भलत्याच वाटेने गेले. १९६६ साली एक रसायन जाहीर झाले, पण शेतात नर त्याकडे फिरकेनात. खरे उत्तर १९७३ साली मिळाले. दोन जवळजवळ सारखीच रसायने, फक्त त्यांच्या साखळीतला एक वळसा वेगळा, आणि दोन्ही साधारण निम्मी-निम्मी. यांतले एकच घेतले तर नर दुर्लक्ष करतो. प्रमाण बिघडले तरी दुर्लक्ष करतो. आज आपण शेतात जे कामगंध सापळे लावतो, त्यांतल्या छोट्या रबरी गोळीत हेच मिश्रण असते. हेक्टरी पाच सापळे, आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करण्याची वेळ आली, हा कृषी विद्यापीठांचा निकष आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट नेहमी राहून जाते. सापळ्यात येतात ते फक्त नर. माद्या येत नाहीत. त्यामुळे सापळा हा आधी मोजमापाचे साधन आहे. सापळे लावले म्हणून बोंडअळी संपली, असे होत नाही.

आता मी त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी हे व्याख्यान मी स्वीकारले.

जालना हे बियाण्याचे गाव आहे. डॉ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. त्यांच्या कामासाठी त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीचे बियाणे तयार करण्याचे कौशल्य या जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांच्या हातात उतरले. मार्च २००२मध्ये देशात बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या वाणांत जालन्याच्याच कंपनीचे वाण होते. २००६मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. त्या काळात फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले, हे कोणी नाकारू नये. हिरव्या बोंडअळीचा धाक त्याने खरोखर मोडला. प्रश्न आहे तो गुलाबी बोंडअळीचा, आणि तिथे हिशेब मीलनाचा होता.

बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक जागेला चिकटते आणि आतडे फाडते. क्वचित एखाद्या अळीत त्या जागेची रचना बदललेली असते, आणि प्रथिन चिकटत नाही. पण असा बदल आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला तरच ती अळी वाचते. एकाच बाजूने आला तर बहुधा मरते. म्हणजे समजा हजारात एका जनुकात हा बदल आहे, तर दोन्ही बदललेली जनुके घेऊन जन्मणारी अळी दहा लाखांत एक. आता त्या एका वाचलेल्या अळीचा पतंग झाला. त्याच्या मुलांचे काय होणार, हे सर्वस्वी त्याला जोडीदार कोण मिळतो यावर ठरते. दुसरा वाचलेला मिळाला तर सगळी संतती वाचणार. बीटी नसलेल्या कपाशीतून आलेला साधा पतंग मिळाला, तर संतती एकाच बाजूचे जनुक घेऊन येणार आणि बीटी बोंडात मरणार. म्हणून नियम होता की बीटी कपाशीभोवती २० टक्के क्षेत्र किंवा पाच ओळी, जे जास्त असेल ते, बीटी नसलेल्या कपाशीच्या लावायच्या. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळायचे. रेफ्युजीचे बी, नॉन-बीटी. ते साध्या पतंगांची नर्सरी होते. तिथून निघालेल्या साध्या पतंगांनी वाचलेल्या पतंगाशी सोयरीक जुळवावी, हा त्याचा हेतू.

ते पाकीट शेतात गेले नाही. बांधावर पडले, घरात राहिले, कुठे तूट भरायला वापरले. शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितले नाही की ही पाच ओळींची किंमत कशासाठी मोजायची. त्याला इतकेच दिसत होते की या ओळींत अळी पडणार. आणि अळी पडावी म्हणूनच त्या ओळी होत्या! हे सांगणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. पण सांगितलेच गेले नाही. काही पाकिटांत कपाशीऐवजी तुरीचे बी असायचे. तूर हिरव्या बोंडअळीसाठी ठीक आहे, ती तुरीवर जगते. गुलाबी बोंडअळी तुरीवर जगत नाही. तिचे सगळे आयुष्य जवळपास कपाशीवरच. तुरीच्या ओळींतून तिच्यासाठी एकही साधा जोडीदार निघत नाही.

याशिवाय आपली बीटी कपाशी संकरित आहे. चीन आणि अमेरिकेतला शेतकरी पुष्कळदा सरळ वाण लावतो, आपण जवळजवळ सगळे संकर. संकराच्या झाडावर जे बोंड लागते, त्यातल्या सरकीत जनुके विभागली जातात. दोन जनुकांच्या बीटीत साधारण सोळांत एक सरकी पूर्णपणे बीटीविना, आणि सोळांत सहा सरक्यांत एकच प्रथिन. अळी एकाच बोंडात सरकीमागून सरकी खाते, तेव्हा तिला कधी पूर्ण मात्रा मिळते, कधी अर्धी, कधी काहीच नाही. एका बाजूचे जनुक असलेली, एरवी मेलीच असती अशी अळी अशा बोंडात तग धरते. म्हणजे प्रतिकार वाढवण्याची शाळा प्रत्येक बोंडातच भरलेली. चीनच्या यांगत्से खोऱ्यात उलट घडले. तिथे शेतकऱ्यांनी बीटी संकराची पुढची पिढी पेरली, तेव्हा शेतातच साधारण एक चतुर्थांश झाडे बीटीविना निघाली. ती विखुरलेली झाडे साध्या पतंगांची पैदास करत राहिली आणि तिथल्या बोंडअळीचा प्रतिकार वाढण्याऐवजी कमी झाला. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आपल्याकडे हिरवी बोंडे फोडली की आत गुलाबी अळी निघत होती.

गुजरातेतल्या अमरेलीसारख्या जिल्ह्यांत एका जनुकाच्या पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी २००९च्या सुमारास सापडली होती आणि २०१०मध्ये ते जाहीर झाले होते. २०१४-१५मध्ये दोन जनुकांच्या बीटीचीही तीच गत. म्हणजे सूचना सात-आठ वर्षे आधी मिळाली होती. त्या काळात आपण काय केले? फवारण्या वाढवल्या. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, हे माहीत असून. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्यांच्यावर पडलेले विष ज्या किड्यासाठी होते, तो बंद बोंडात सुरक्षित होता. या गोष्टीवर बोलताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही, आणि राहू नये.

आता झोपेकडे. ऑक्टोबरनंतर दिवस लहान होतात, रात्री गार होतात, आणि बोंडातल्या पक्व सरकीत तेल भरलेले असते. तेव्हा वाढलेल्या काही अळ्या कोषात जात नाहीत. त्या सरकीत, किंवा दोन सरक्या धाग्याने एकत्र शिवून त्यांच्या मधल्या पोकळीत बसतात आणि झोपी जातात. जिनिंगमध्ये सरकी चाळताना अशी जोड-सरकी दिसते. ती फोडली की आत वळवळणारी अळी. ही झोप काही महिन्यांची असते, पण दोन वर्षांपर्यंतही अळी अशी राहिल्याची नोंद आहे. सिकाडा जमिनीत मुळांचा रस पीत वाढत राहतो. ही अळी मात्र काही खात नाही, फक्त वेळ काढते. मे-जूनमध्ये उष्णता आणि दमटपणा आला की ती जागी होते, कोषात जाते आणि पतंग होऊन निघते.

इथे आपल्या हाती एक मोठी गोष्ट आहे. हा पतंग बाहेर येईल तेव्हा शेतात पात्या नसतील, तर मादी अंडी घालून काही उपयोग नाही. अळी कोवळ्या पानांवर जगत नाही. पतंग निघतात, मीलन करतात, मरतात, आणि पिढी पुढे जात नाही. शास्त्रज्ञ याला आत्मघाती निर्गमन म्हणतात. चुकीच्या वर्षी वर आलेल्या सिकाडाची जी गत, तीच यांची. मे महिन्यात पाण्यावर लावलेली कपाशी ही साखळी वाचवते, कारण जूनअखेर तिला पात्या येतात आणि जागे झालेल्या पतंगांना आयते घर मिळते. महाराष्ट्रात कृषी विभाग काही वर्षे बीटी बियाणे १ जूनआधी शेतकऱ्याला विकू देत नव्हता, त्यामागे हेच कारण होते. आणि दुसरे टोक म्हणजे फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी ठेवली की चार क्विंटल जास्त मिळतील, हे खरे. पण त्या उशिराच्या बोंडांतच पुढच्या वर्षीची झोपणारी पिढी तयार होते. पऱ्हाटीची गंजी बांधावर लावून ठेवली की त्यातल्या वाळल्या बोंडांत ती सुखाने राहते. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून जमिनीत गाडणे सर्वांत चांगले. सरपणासाठी ठेवायच्या असतील तर पावसाळ्याच्या आत जाळून संपवा.

अमेरिकेत या किड्याशी शंभर वर्षे लढून २०१८ साली तो कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्यांनी बीटी वापरले, नांगरणी आणि हंगाम संपवण्याचे नियम पाळायला लावले. पण निर्णायक ठरले ते मीलन रोखणे. फिनिक्स शहरात कारखान्यात पतंग वाढवले, किरणोत्साराने नापीक केले आणि विमानांतून शेतांवर सोडले. अब्जावधी पतंग. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असायचा, त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला की आतून लाल निघाला तर तो कारखान्याचा, नाहीतर शेतातला. शेतातल्या मादीच्या वाट्याला नापीक नर आला की तिची अंडी फुकट. आपल्याकडे विमाने आणि कारखाने लगेच येणार नाहीत. पण मीलनात अडथळा आणण्याचा दुसरा मार्ग येतो आहे. कामगंध भरलेले दोरीसारखे तुकडे कपाशीच्या फांद्यांना बांधतात, किंवा मेणासारखी पेस्ट झाडांवर थोडी-थोडी लावतात. शेतभर सगळीकडे तोच वास. नर मादीचा वास घेऊन वाऱ्याविरुद्ध निघतो, पण दिशा मिळत नाही. माद्या बोलावत राहतात, आणि त्यांच्या रात्री वाया जातात. अळीला हात न लावता तिची पिढी कमी होते.

पण हा उपाय एका एकरात चालत नाही. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी रात्री उडून तुमच्या शेतात येते आणि अंडी घालते. तिचे मीलन आधीच झाले आहे, त्यामुळे तुमच्या शेतातल्या वासाने तिला काही फरक पडत नाही. म्हणून सलग क्षेत्र हवे. एका गावाचा शिवार, शक्यतो ओढ्याने किंवा रस्त्याने वेगळा पडणारा. आपल्याकडे एका शिवारात शंभर खातेदार असतात, हे मला ठाऊक आहे. पाण्याची पाळी ठरवताना, पाणलोटाचे काम करताना याच जिल्ह्यातल्या गावांनी एकत्र बसून निर्णय घेतले आहेत. कपाशीसाठी ते करता येणार नाही, असे मी मानत नाही. सुरुवात कधी करायची तर पहिल्या पात्या धरताना, जुलैअखेर, कारण झोपेतून उठलेल्या पतंगांचे पहिले मीलन त्याच सुमारास होते. ऑक्टोबरमध्ये बोंडात अळी दिसल्यावर दोरी बांधून काही होणार नाही. सापळेही तेव्हापासूनच लावायचे, रबरी गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलायची, आणि सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर राहील असा कपाशीबरोबर वर सरकवायचा. ज्यांच्या शेतात यंदा कपाशी आहे आणि ज्यांना गावातल्या इतरांशी बोलून हे करून पाहायचे आहे, त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. हिरव्या बोंडांची टोपली मी आणली आहे, आपण ती एकत्र फोडून पाहू.